रकान्यात एकच देश

हौसराव टीसींच्या काटेकोरपणाला अख्खं दौंड जंक्शन वचकून होतं. सख्खा मेहुणा एकदा केडगावहून बिनतिकिटाचा आला, तर आधी त्याच्या हातात दंडाची पावती ठेवून मग त्याला घरी जेवायला नेणारा हा माणूस. मेहुणा पोटभर जेवला आणि पुढची दोन वर्षं फिरकला नाही. हौसरावांना त्यात काही वावगं वाटलं नाही. नियम आहेत म्हणून गाड्या धावतात, असं ते म्हणत, आणि म्हणताना कोटाची बटणं नीट करत.

त्यांचा एकुलता एक मुलगा भिमाजी जर्मनीत होता. पुण्यात डिप्लोमा करून तो सत्तर साली तिकडच्या एका यंत्रांच्या कारखान्यात लागला आणि पुढं तिथल्याच रेनाटा नावाच्या मुलीशी त्यानं लग्न केलं. लग्नाचा फोटो रेल्वे कॉलनीतल्या खोलीत बुद्धाच्या तसबिरीशेजारी लावला होता. हौसरावांच्या बायको साखरबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला तो दाखवायच्या आणि ‘सून जरा उंच हाय’ एवढीच तक्रार करायच्या.

शहात्तरच्या मार्चात भिमाजीचं पत्र आलं. हौसराव दुपारी ड्युटीवरून नुकतेच आले होते. साखरबाई बाजरी निवडत बसल्या होत्या. त्यांना वाचता येत नसे, म्हणून हौसरावांनी नेहमीसारखं मोठ्यानं वाचायला घेतलं.

भिमाजी राहायचा ते गाव जर्मनीच्या अगदी कडेला होतं. पलीकडे बेल्जियम, म्हणजे दौंडहून पाटस असावं तेवढ्या अंतरावर. तिथं रेनाटाची मावशी राहायची. युरोपातल्या नऊ देशांनी मिळून एक बाजारपेठ केली आहे आणि त्या नऊ देशांच्या नागरिकांना एकमेकांच्या देशात जायला खिशातलं ओळखपत्र दाखवलं की पुरतं, असं भिमाजीनं लिहिलं होतं. व्हिसा नाही, कसली चौकशी नाही. रेनाटा त्या कार्डावर हवं तेव्हा मावशीकडे जायची. भिमाजीला मात्र हिंदुस्थानी पासपोर्टावर बेल्जियमचा व्हिसा लागायचा. बायको त्यांची असली म्हणून नवरा त्यांचा होत नाही. म्हणून तो कधी गेला नव्हता.

रेनाटाला सातवा महिना होता. एका रविवारी मावशीकडे असतानाच तिच्या पोटात दुखायला लागलं आणि तिला तिथल्याच इस्पितळात नेलं. निरोप मिळाल्यावर भिमाजी सरहद्दीवरच्या नाक्यावर धावला. नाक्यावरचा पोलीस भला माणूस होता, त्यानं बसायला खुर्ची दिली, पण सोडलं नाही. सोमवारी भिमाजी बेल्जियमच्या वकिलातीत गेला. त्यांनी पासपोर्ट उलटून पाहिला. हा पासपोर्ट कोणत्या देशांसाठी चालेल, त्या रकान्यात हिंदुस्थान सरकारनं एकट्या जर्मनीचं नाव घातलं होतं. आधी तुमच्या सरकारकडून आमचं नाव त्यात घालून आणा, मग व्हिसाचं बघू, असं ते म्हणाले. हिंदुस्थानची वकिलात लांब, दुसऱ्या गावाला. नाव पडलं, व्हिसा मिळाला आणि गुरुवारी संध्याकाळी भिमाजी पलीकडे पोचला.

मुलगी झाली होती. मंगळवारी ती गेली आणि बुधवारी मावशीनं तिला तिथंच पुरलं. रेनाटा बरी होती.

गाड्यांच्या वेळा सांगाव्यात तसं हौसरावांनी हे सगळं वाचलं. साखरबाईंचा सुपातला हात थांबला, मग पुन्हा खडे वेचायला लागला.

“कुणावर गेली व्हती, लिव्हलंय का?”

“न्हाई. त्यानं बघितलीच न्हाई तिला.”

“व्हय की,” साखरबाई म्हणाल्या आणि उठून चहाचं आधण ठेवलं. दोघांनी चहा घेतला. आता रडू येईल, असं हौसरावांना वाटत होतं. ते आलं नाही. अंगात काही हललंच नाही.

शेवटचं पान त्यांनी मोठ्यानं वाचलं नव्हतं. त्या पानावर भिमाजीनं लिहिलं होतं की, आबा, मी इथलं नागरिकत्व घ्यायचं ठरवलं आहे. म्हणजे रेनाटासारखं कार्ड मला मिळेल आणि पुन्हा नाक्यावर बसायची वेळ येणार नाही. आपला पासपोर्ट मात्र परत करावा लागेल. अर्जाला जन्माचा सरकारी उतारा लागतो. आपल्या केंदूर गावची नोंद शिरूरच्या कचेरीत असेल, तेवढा काढून पाठवा.

पत्र कोटाच्या आतल्या खिशात घालून हौसराव आठ दिवस ड्युटी करत राहिले. तिकिटं तपासली, पावत्या फाडल्या. त्या आठ दिवसांत त्यांनी कुणाला सोडलं नाही की कुणावर ओरडले नाहीत. एका बाईच्या रेल्वेच्या पासावर नवरा, दोन मुलं अशी नावं होती, ती त्यांनी उगाच दोनदा वाचली. इथं एका पासावर अख्खं कुटुंब गाडीत बसतं. तिकडं एवढ्या मोठ्या युरोपात बायकोच्या कार्डावर नवऱ्याला नाका ओलांडता आला नाही.

पण दोष युरोपाचा नव्हता, हे त्यांना पक्कं माहीत होतं. पासपोर्टाचा फॉर्म त्यांनी स्वतःच्या हातानं भरला होता. अक्षर चांगलं म्हणून भिमाजीनं तो त्यांच्याकडे दिला होता. कोणकोणत्या देशांत जायचंय, असा रकाना आला तेव्हा भिमाजी म्हणाला होता, “आबा, आणखी चार-पाच नावं टाका की. सगळीच टाकत्यात.”

“पास सोलापूरचा काढला तर गुलबर्ग्याला कोण उतरू दील?” हौसराव म्हणाले होते. “जायाचं तेवढंच लिव्हायचं. जास्त लिव्हलं की वरचा साहेब इचारतो, कशापायी?”

बोलायला हे ठीक होतं. नियमाचं नाव पुढं केलं की घरात कुणी उलट बोलत नसे. खरं कारण नियमाचं नव्हतंच. एक देश लिहिला तर पोरगं एका देशात जाईल आणि तिथून परत येईल. पाच लिहिले तर पुढं पुढं जात राहील, अशी धास्ती त्यांच्या पोटात होती. ती त्यांनी कुणापुढे बोलून दाखवली नव्हती. आणि त्या धास्तीपायी त्यांची नात बापाचं तोंड न बघता मातीआड गेली.

नवव्या दिवशी त्यांनी साखरबाईंना शेवटचं पान वाचून दाखवलं. साखरबाईंनी एवढंच विचारलं, “जाताय का मग शिरूरला?” हौसराव रजा टाकून सकाळच्या एसटीनं गेले.

कचेरीतला संपत कारकून ओळखीचा निघाला. त्याचा चुलता रेल्वेत होता. अर्जाला कोर्ट फीचं तिकीट लावून घेऊन त्यानं केंदूरची अठ्ठेचाळीस सालची नोंदवही काढली. पानांच्या कडा वाळवीनं खाल्ल्या होत्या, पण नोंद सापडली. बापाचं नाव हौसराव धोंडीबा, मुलगा, आणि तारीख.

“पोराचं नाव न्हाई हितं,” संपत म्हणाला. “बारशाच्या आधीच नोंद करायचे तवा.”

“मग?”

“मग दोन रस्ते. ही नोंद माझ्याच पोराची, त्याचं नाव अमुक, असं प्रतिज्ञापत्र करून द्या, म्हंजी मी ते उताऱ्याला जोडतो. न्हाईतर भिमाजी नावाची नोंद आढळत न्हाई, असं लिव्हून देतो. त्यावर शिक्का मारून मिळंल. लगीच.”

हौसराव बाकावर टेकले. आढळत नाही. कुणी बोट ठेवू शकणार नाही असा, शिक्क्यासकट, नियमात बसणारा नकार होता तो. खोटाही नव्हता. तो कागद जर्मनीला गेला तर अर्ज अडला असता. निदान वर्षभर तरी पोरगं आपलंच राहिलं असतं. आयुष्यभर नियमानं वागल्याबद्दल नियमच त्यांना मुलगा परत देत होता. ते बराच वेळ बसून राहिले. संपतनं दोनदा मान वर करून पाहिलं.

मग उठून त्यांनी कागद मागून घेतला. वरील नोंदीतील मुलगा माझाच असून त्याचे नाव भिमाजी आहे, असं त्यांनी ठसठशीत अक्षरात लिहिलं. मुलगा आपलाच असल्याचं लिहून देऊन ते त्याला देऊन टाकत होते. सही करून त्यांनी कागद संपतपुढे सरकवला.

“परदेशात नोकरीला हाय व्हय?” संपतनं शिक्का मारत विचारलं. “नशीबवान हाय तुम्ही, मामा.”

“व्हय,” हौसराव म्हणाले. तिथल्याच पोस्टातून त्यांनी उतारा रजिस्टरनं पाठवला. येताना पोलीस ठाण्यात जाऊन एक गोष्ट विचारून घेतली. विचारल्याशिवाय त्यांना राहवलंच नसतं.

घरी पोचले तेव्हा दिवस कलला होता. साखरबाई दारात बसल्या होत्या.

“पाठवलं?”

“पाठवलं.” हौसराव उंबऱ्यावर टेकले. “तवा फॉर्ममधी बाकीची नावं मी मुद्दाम टाकली न्हाईत. त्यो लांब जाईल म्हणून.”

“मला म्हाईत हाय,” साखरबाई म्हणाल्या. “मी हितंच तर बसले व्हते. मलाबी तेच पायजे व्हतं, म्हणून गप ऱ्हायले.”

मग साखरबाईंनी विचारलं, “आता त्याला कार्ड मिळंल?”

“मिळंल. नऊ देशांत जाईल, कुणी अडवणार न्हाई.”

“आन् हितं?”

“हितं परका माणूस म्हणून यील. तीन म्हयन्यांच्या वर ऱ्हायचं असंल, तर पोलिसांत जाऊन नाव नोंदवावं लागंल.”

साखरबाईंचा चेहरा एकदम उजळला. “तीन म्हयनं ऱ्हाईल व्हय त्यो?”

सहा वर्षांत भिमाजी एकदाच आला होता, अकरा दिवस. हौसरावांनी कोट काढून मांडीवर घडी घातली.

“ऱ्हाईल की,” ते म्हणाले.