धक्क्यावरची तिसरी खुर्ची

आमच्या बाबांचा एक नियम होता. ज्याने तळ्यात उतरून लाकडी धक्का बसवला, त्यानेच त्या धक्क्यावर खुर्ची टाकायची. बाकीच्यांनी गवतात बसून डास मारावेत. आई होती तेव्हा तीसुद्धा दरवर्षी कुडकुडत एक खांब धरून उभी राहायची आणि मग हक्काने खुर्ची उघडायची. एकदा आमचे पाद्री पाहुणे म्हणून आले, त्यांनाही बाबांनी गवतातच बसवलं. आई त्या दिवशी बाबांशी बोलली नाही.

हिवाळ्यातल्या बर्फाने मोडू नये म्हणून ऑक्टोबरात धक्का काढायचा आणि मेच्या शेवटच्या सुट्टीत पुन्हा बसवायचा, हे आमच्याकडे सणासारखं. तळ्याकाठचं ते दोन खोल्यांचं घर बाबांनी स्वतःच्या हाताने बांधलेलं. बाबा, म्हणजे एल्डन ब्रूक्स, मोटारींचे पत्रे दाबणाऱ्या कारखान्यात मशीनवर होते. त्या एका पगारात गावात घर झालं, मला आणि ट्रेंटला दातांच्या तारा झाल्या आणि वर हे तळंही झालं. "कामाला लाजलो नाही, म्हणून मिळालं," असं ते म्हणायचे. जेवताना म्हणायचे, गाडी चालवताना म्हणायचे, कोणी विचारलेलं नसतानाही म्हणायचे.

ट्रेंट माझा धाकटा भाऊ. तो गेली काही वर्षं तळ्यावर फिरकला नव्हता. रात्री गोदामात सामान भरतो, दिवसा स्वतःच्या गाडीतून घरोघरी औषधं पोचवतो. त्याची बायको टॅमी वृद्धाश्रमात कामाला आहे, तीही कधी दिवसा, कधी रात्री. इतकं करून दोघं अजून भाड्याच्या घरात, आणि हेच बाबांच्या डोळ्यांत सलायचं. "नीट राबला असता तर एव्हाना स्वतःचं छप्पर झालं असतं. कुठेतरी पाणी मुरतंय त्याचं."

यंदा त्यांनी मला फोनवर सांगून टाकलं, "रोंडा, या वेळीही तो आला नाही, तर तळ्यावरचं घर तुझ्या एकटीच्या नावावर. धक्का बसवायला ज्याला वेळ नाही, त्याला तळं कशाला?"

मी शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते, दोनशे पोरांना दटावते, पण बाबांपुढे माझी बोलती बंद होते. मी ट्रेंटला फोन केला आणि म्हटलं, "काहीही कर, पण ये."

तो आला. शनिवारी सकाळी आम्ही फळ्या काठावर आणत होतो, तेव्हा त्याची खडखडणारी गाडी झाडांतून खाली उतरली. बाबांनी कंबरेवर हात ठेवले.

"आले का राजेसाहेब! आम्हाला वाटलं, दुपारच्या चहालाच येता की काय."

"रात्रपाळी सुटली तसा निघालो, बाबा. पाण्यात उतरायची रबरी विजार कुठंय?"

"जिथे नेहमी असते तिथे. ती काही तीन वर्षं फिरायला गेलेली नाही."

ट्रेंट हसला, मला एका हाताने मिठी मारली आणि विजार घेऊन पालथ्या होडीवर बसला. आम्ही पुढच्या फळ्या आणायला गेलो. परत आलो तरी हा पाण्यात नाही. बाबांनी दोन हाका मारल्या. मग त्यांनी बादली उचलली आणि तळ्यात बुडवून भरली. लहानपणी आम्ही उशिरा उठलो की ते असंच करायचे. त्यांचे कान लाल झाले होते. मी मागोमाग धावले.

ट्रेंट बसल्या बसल्या झोपला होता. एक पाय रबरी विजारीत, दुसऱ्या पायात कामावरचाच बूट, हनुवटी छातीला टेकलेली. बोटांना चिकटपट्ट्या होत्या. केस पांढरे झालेत हे मला तेव्हा दिसलं. माझ्या धाकट्या भावाचे केस!

बाबा बादली घेऊन उभे राहिले. बराच वेळ. मग काठाशी गेले आणि आवाज होऊ नये म्हणून पाणी हळूच तळ्यात ओतलं.

"उठवू का?" मी विचारलं.

"गप. झोपू दे त्याला."

विजार ओढली असती तर तो उठला असता, म्हणून मी जुन्या पँटवरच उतरले. पाणी असं गार की तोंडातून शिव्या याव्यात. आल्या. बाबांनी एरवी मला टोकलं असतं. त्या दिवशी तेही पाण्यात उभे राहून दुखऱ्या कमरेने एकेक खांब ठोकत राहिले आणि मधूनमधून होडीकडे बघत राहिले.

ट्रेंट उठला तेव्हा धक्का उभा होता आणि त्यावर तीन खुर्च्या होत्या. तिसरी बाबांनी स्वतः नेऊन ठेवली होती, अगदी टोकाला, आईची जागा होती तिथे.

"ये, बस," बाबा म्हणाले.

ट्रेंटने खुर्च्या पाहिल्या, मग आमचे ओले कपडे पाहिले. "मी उतरलोच नाही पाण्यात."

"बरं मग? बस."

"नियम आहे, बाबा."

"नियम माझा आहे! मी सांगतोय ना, बस म्हणून!"

"तुमचा आहे म्हणूनच," तो म्हणाला आणि गवतात बसला.

आम्ही दोघंही मग गवतातच बसलो. मी सॉसेज भाजले, बटाट्याची कोशिंबीर वाढली. दुसरा घास घेतो तोच त्याचा फोन वाजला. गोदामात कोणीतरी आलं नव्हतं, संध्याकाळीच या म्हणत होते.

"नाही सांग," बाबा म्हणाले.

"नाही म्हटलं की पुढच्या आठवड्यातल्या पाळ्या दुसऱ्याला देतात."

"मग युनियनकडे जा की!"

ट्रेंट त्यांच्याकडे बघून हसला, लहान मूल काही बोललं की आपण हसतो तसा. "कुठली युनियन, बाबा?"

मी त्याला थर्मासमध्ये कॉफी भरून दिली. गाडीत बसताना तो म्हणाला, "अजून एक-दोन वर्षं जोर लावला की घडी बसेल सगळी. कामाला काही मी लाजत नाही." खरंच मनापासून म्हणाला. बाबांचंच वाक्य ते. बाबा गाडी झाडांत दिसेनाशी झाल्यावरही तिथेच उभे राहिले.

ऊन कललं. ही बाबांची धक्क्यावर बसायची वेळ. बिअर घेऊन रोज तिथे बसायचे आणि मासे उडाले की मला नावं सांगायचे. आज ते घराच्या पायरीवर बसले होते. बिअर उघडलेली नव्हती.

"घर दोघांच्या नावाने करू," ते म्हणाले.

"बरं. पण इथे काय बसलात? खुर्च्या तिकडे मांडल्यात. तुम्ही तर पाण्यात उतरलात."

"उतरलो." त्यांनी तळ्याकडे पाहिलं. "रोंडा, मी आठ तास भरले की घरी यायचो. जेवायचो, बेसबॉलचा सामना बघायचो, झोपायचो. रविवारी तुम्हाला इकडे आणायचो. त्याच्यासारखा बसल्या जागी झोपेपर्यंत मी कधी राबलोच नाही गं."

मी बिअर उघडून त्यांच्या हातात दिली. ती त्यांनी तिथेच, पायरीवर बसून प्यायली.