हाक मारायची नाही

मी एक इअरमफ बोलतोय. दचकू नका. आवाज अडवणं हा माझा धंदा, बोलणं नव्हे. पण इतके दिवस जे जे गिळलं ते आता पोटात मावेनासं झालंय, म्हणून तुम्हाला गाठलं.

मला कधी पाहिलं नसेल तर सांगतो. दोन पिवळ्या वाट्या, आत स्पंज, कडेला मऊ गादी आणि दोघींना जोडणारी डोक्यावरची पट्टी, एवढाच माझा संसार. जिथे यंत्रांचा गोंगाट असतो तिथे कामगारांनी मला कानांवर चढवायचं. बाहेरचा आवाज माझ्यावर येऊन आदळतो, मी तो गिळतो आणि आतल्या कानाला शांतता मिळते. मला घालणाऱ्याला काही ऐकू येत नाही. मला मात्र सगळं ऐकू येतं.

माझा जन्म एका साच्यात झाला, त्यात सांगण्यासारखं काही नाही. तिथून मी आलो पत्र्याचे डबे बनवणाऱ्या कारखान्यात, प्रेसवर काम करणाऱ्या बाबांच्या वाट्याला. त्यांनी मला खुंटीला टांगलं आणि विसरून गेले. "मशीन आजारी पडलं की आधी आवाज बदलतो. हे बोळे कानावर घेऊन मला कळायचं कसं?" असं त्यांचं म्हणणं. साहेब फेरीवर आले की मी बाबांच्या गळ्यात, साहेबांची पाठ वळली की पुन्हा खुंटीवर. असं करत करत बाबा निवृत्त झाले तेव्हा मी नवा कोरा होतो आणि त्यांचे कान पार कामातून गेले होते.

ते मला घरी घेऊन आले आणि कपाटावर टाकलं. घरात तिघंच. बाबा, आई आणि त्यांची लेक, मोठ्या दवाखान्यात अतिदक्षता विभागातली नर्स. बहिऱ्या माणसाचा टीव्ही म्हणजे साऱ्या इमारतीला फुकट करमणूक. समोरच्या काकू तर म्हणायच्या, "आमचा टीव्ही बिघडला तरी आम्ही दुरुस्त करत नाही, तुमच्या बातम्या ऐकू येतात की!"

या गोंगाटात लेक अभ्यास करायची. दवाखान्यानं नवा नियम काढला होता. अतिदक्षता विभागात राहायचं तर वरच्या प्रमाणपत्राची परीक्षा पास व्हायची, नाहीतर विभाग सोडायचा. तिला तर त्या विभागाखेरीज दुसरं काही नकोच होतं. पेपर सकाळी सुरू व्हायचा तो दुपार कलल्यावर सुटायचा. ती दोनदा नापास झाली होती आणि आता शेवटची संधी उरली होती. विषय तिला तोंडपाठ होते. अडायचं भलतंच. वॉर्डात एखादं यंत्र जरा जरी वाजलं की तिची मान वळायची. त्या सवयीनं कितीतरी जीव वाचवले होते. परीक्षेत मात्र कुणाची खुर्ची सरकली, कुणी शिंकलं, तरी मान वळायची आणि प्रश्न पुन्हा पहिल्यापासून वाचावा लागायचा. दुपारपर्यंत डोक्याचा भुगा व्हायचा.

दुसऱ्यांदा निकाल लागला तेव्हा बाबांनी टीव्हीची वायर काढून गुंडाळून ठेवली. मग स्टुलावर चढले, मला खाली काढलं, फुंकर मारून धूळ उडवली आणि स्वतःच्या हातानं लेकीच्या डोक्यावर चढवलं. "मला नाही उपयोग झाला याचा, तुला होऊ दे," ते ओरडून म्हणाले. त्यांना हळू बोलताच यायचं नाही.

त्याच दिवशी त्यांनी घरात नियम केला. हा डोक्यावर असला की हिला हाक मारायची नाही. पाहुणा येवो, दूध उतू जावो, छत कोसळो, पेपर संपेपर्यंत खोलीत कुणी पाऊल टाकायचं नाही.

"आणि घराला आग लागली तर?" आईनं विचारलं.

"तर आपण विझवू. आपल्याला हात नाहीत का?"

आई मला 'शिंगं' म्हणायची. "बाईसाहेबांनी शिंगं घातली, आता बोलायची सोय नाही," असं म्हणत ती स्वयंपाकघरात निघून जायची.

सुट्टीच्या दिवशी लेक दार लावून घ्यायची आणि अख्खा पेपर एका बैठकीत सोडवायची. बाबांना तेवढ्यानं समाधान नव्हतं. मान वळायची सवय मोडायची म्हणून ते तिची परीक्षा घ्यायचे. मधेच बाहेरच्या खोलीत ताट पाडायचे, पातेलं आपटायचे. मी कितीही गिळलं तरी स्टीलच्या भांड्याचा थोडा नाद आत पोचतोच. सुरुवातीला ती दचकून वळायची आणि दाराच्या फटीतून बाबा बोट नाचवायचे, "वळलीस!" हळूहळू तिनं वळणं सोडलं. भांडं पडलं की नुसता तिचा गाल हलायचा. ती हसायची आणि पुढचा प्रश्न घ्यायची. तो गाल माझ्या गादीला टेकलेला असायचा, म्हणून मला कळायचं. ती बापलेक तेव्हा फार सुखात होती. मीही होतो.

परीक्षेच्या आधीची शेवटची सुट्टी. तिनं मला चढवलं, पेपर उघडला. निम्मा पेपर झाला असेल, तेव्हा बाहेर बाबांचा आवाज आला, कधी नव्हे तो खोल गेलेला.

"अगं, छातीत कसंतरी होतंय."

"बोलावू का तिला?"

"खुळी आहेस का? नियम कुणी केलाय? जेवणावर पाणी जास्त प्यायलो, दुसरं काही नाही."

आईनं त्यांना उशी दिली. बाम चोळला. थोड्या वेळानं बाबा म्हणाले, डाव्या हाताला मुंग्या आल्यात. आईला त्यातलं काय कळणार? ज्या बाईला पहिल्या शब्दाला कळलं असतं ती भिंतीपलीकडे माझ्याखाली बसली होती. मी आतल्या आत तडफडलो. पण मला तोंड कुठे होतं? होत्या फक्त दोन वाट्या, आणि त्या नेमक्या आवाज अडवण्यासाठीच बनवलेल्या.

मग दार उघडलं. आई आत आली. ती लेकीच्या मागे उभी राहिली तेव्हा तिचा श्वास मला ऐकू येत होता. बाहेरून बाबांनी दम एकवटून सांगितलं, "हात लावशील तर माझी शपथ आहे. शेवटचा सराव आहे तिचा." आई परत गेली.

त्यानंतर बाबांच्या हातातला पेला पडला. खणखणत लांब गेला.

लेकीनं तो ऐकला. तिचा गाल माझ्या गादीवर वर सरकला. ती हसली आणि पुढचा प्रश्न घेतला.

बाबा गप्प झाले तशी आईला वाटलं, डोळा लागला. तिनं पंखा लावला.

पेपर संपल्यावर लेकीनं मला गळ्यात ओढलं आणि दार उघडून बाहेर आली. "एकदाही वळले नाही! पेला पाडलात ना? ऐकलं मी!" पुढचं पाऊल टाकायच्या आत तिनं बाबांचा चेहरा पाहिला. ती त्यांना खाली घेऊन छाती दाबू लागली तेव्हा मी तिच्या गळ्यात हेलकावे खात होतो. काकूंनी गाडी बोलावली. गाडी यायच्या आधीच तिचे हात थांबले. थांबायचं कधी, हे तिच्याइतकं कुणाला माहीत असणार?

तरी ती परीक्षेला गेली. आईनंच पाठवलं. पर्यवेक्षकानं मला उलटसुलट करून तपासलं आणि परत दिलं. त्या दिवशी मागच्या बाकावरचा माणूस खोकत राहिला, कुणाच्या तरी हातून पाण्याची बाटली पडून घरंगळली. हिची मान हलली नाही. गालही हलला नाही. ती पास झाली, चांगल्या मार्कांनी.

निकालाच्या दिवशी आई कपड्यांच्या घड्या घालत होती. लेकीनं विचारलं, "आई, बाबांना किती वेळ दुखत होतं?"

"दुखणं कुठलं गं! झोपल्या झोपल्या गेले. त्यांना काही कळलंसुद्धा नाही."

लेक म्हणाली, "आई, हे वाक्य माझं आहे. वॉर्डाबाहेर बसलेल्या माणसांना मीच सांगते ते. दर आठवड्याला कुणाला तरी सांगते."

आईच्या हातातली घडी अर्धीच राहिली. "मग खरं सांगू?"

लेकीला हो म्हणवेना. तिनं टेबलावरून मला ओढलं, कानांवर घट्ट बसवलं आणि भिंतीकडे तोंड करून बसली. समोर ना पेपर होता, ना पुस्तक.

आई उठून तिच्या मागे आली. आणि मग तिच्या पाठीशी सगळं बोलली. बाम, मुंग्या, शपथ, सगळं. "तुझ्या खांद्यापर्यंत हात आणला होता गं मी. एवढा जवळ. पेपर काय, पुन्हा देता आला असता." रडत रडत बोलत होती. मी तो शब्द न् शब्द गिळला.

तेव्हापासून हे रोजचंच झालंय. कामावरून आली की लेक मला चढवून भिंतीकडे बसते. आई मागे उभी राहून बोलते. तेच पुन्हा पुन्हा, नव्यानं. बोलून झालं की हलकी होऊन आत जाते, आणि लेक मला काढून विचारते, "चहा ठेवू का, आई?"

माझी गादी आता उलायला लागलीय, स्पंजही झडतोय. जुन्या इअरमफला आवाज अडवता येत नाही. कारखान्यात अशांना फेकून देतात. मला फेकू नका, एवढंच मागणं आहे. मला इथेच, तिच्या कानांवरच झिजू द्या. एखाद्या दिवशी आई बोलत असेल आणि त्यातला एक तरी शब्द माझ्या हातून निसटून तिच्या कानात जाईल.