दोन शंकूंची जागा

स्टेडियमच्या मॅनेजरसाहेबांच्या खोलीत भिंतीवर एक तक्ता आहे. त्यावर पाच रंगीत वर्तुळे: स्पर्धा, फिटनेस, कार्यक्रम, विक्री, पर्यटन. खेळ आणि मनोरंजन हा आता उद्योग आहे आणि उद्योगाला विभाग असतात, हे साहेबांनी पहिल्याच बैठकीत त्या वर्तुळांवर पट्टी आपटून आम्हाला समजावले होते. मी त्यात स्वतःला शोधले. अगदी तळाशी, जिथे एरवी छापखान्याचे नाव असते तिथे, बारीक करड्या अक्षरांत ‘देखभाल’ लिहिले होते. तो मी. ताई बूट विकणारी म्हणून निळ्या वर्तुळात बसत होती. पाच हजार मीटर धावणारी म्हणून ती कुठेच नव्हती.

ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. दिवसभर स्टेडियमच्या दुकानात गुडघे टेकून ती परक्यांच्या पायांत बूट चढवी आणि पहाटे मी पाणी मारून ठेवलेल्या ट्रॅकवर स्वतःचे जुने बूट झिजवी. राष्ट्रीय संघात जाण्यासाठी एक वेळ ठरलेली होती, आणि ती गाठण्याची त्या हंगामातली शेवटची स्पर्धा आमच्याच मैदानावर होती. पुढचा हंगाम नव्हताच. गुडघा दाबून पाहत डॉक्टर म्हणाले होते, ‘‘एवढी एक शर्यत धावा. मग याला सुखाने जगू द्या.’’

ट्रॅकच्या आतल्या बाजूने दोन बोटे उंचीची अ‍ॅल्युमिनियमची कड असते. धावणाऱ्याने आत पाऊल टाकून अंतर चोरू नये म्हणून ती असते. भालाफेकीची धाव वळणावरून मैदानात शिरते, तेव्हा तिथली बारा मीटर कड काढावी लागते. ती पुन्हा बसवायला अर्धा तास जातो. ताईच्या शर्यतीच्या दिवशी रात्री गाण्याचा कार्यक्रम होता, म्हणून साहेबांनी तो अर्धा तास वेळापत्रकातून कापला. नियमात याला एक सोय आहे: रिकाम्या जागी दर चार मीटरवर नारिंगी शंकू ठेवायचे. मी टेपने मोजून चार शंकू ठेवले. बोलताना आम्ही त्यांना टोप्या म्हणतो.

शर्यतीला वीस मिनिटे असताना आतेभाऊ आला. तो कार्यक्रम विभागात, गळ्यात तीन ओळखपत्रे.

‘‘काय मौनीबाबा, समाधी लागली का? दोन टोप्या दे बरं.’’

‘‘त्या इथे लागतात.’’

‘‘अरे, पाहुण्यांच्या गाड्या कुठेही घुसताहेत तिकडे. पाच मिनिटांत आणून देतो. आईशप्पथ!’’

‘‘दादा, ताईची शर्यत आहे.’’

‘‘माहीत आहे रे. माझी कोणी लागत नाही का ती?’’

बोलता बोलताच त्याने मधल्या दोन टोप्या एकीत एक घालून काखोटीला मारल्या. मी त्याच्या पाठीकडे पाहत राहिलो. समोरच्याचे वाक्य संपेपर्यंत माझे वाक्य घशातच शिळे होते. ही माझी लहानपणापासूनची खोड.

तो आला नाही. धावपटू रेषेवर उभ्या राहिल्या. आमच्याकडे एक रीत आहे. बार उडवण्याआधी पंच मैदानावरच्या प्रत्येकाकडे एकवार नजर फिरवतात. ज्याच्या जागी काही खोट असेल त्याने हात वर करायचा, मग सगळे थांबते. त्यांची नजर माझ्यावर आली. मी वळणावर उभा होतो, शेजारी दोन शंकू आणि दोन शंकूंची रिकामी जागा. हात वर केला असता तर सगळे स्टेडियम माझ्याकडे वळले असते. ताई पुढे झुकून उभी होती. तिची लय मोडेल, असे मी मनाशी म्हणालो. खोटे कशाला बोलू? मला लोकांच्या नजरांची भीती वाटली. नजर पुढे सरकली आणि बार उडाला.

ताई तशी कधीच धावली नव्हती. माझ्यासमोरून ती बारा वेळा गेली, आणि बाराही वेळा जणू कड तिथेच असल्यासारखी, पांढऱ्या रेषेपासून वीतभर दूर. ठरलेल्या वेळेच्या सव्वा सेकंद आधी ती पोचली. गवतावर पालथी पडून हसत होती. मी तिला इतके मोठ्याने हसताना ऐकल्याला किती वर्षे झाली होती, ते मला आठवेना.

मग मोजणीचे पंच ट्रॅकची फेरी मारत वळणाशी आले. म्हातारे, कमरेला टेप, आवाज मऊ.

‘‘इथले दोन कुठे गेले?’’

मी पार्किंगकडे बोट दाखवले. तिथे एका काळ्या गाडीच्या दोन्ही बाजूंना ते दिमाखात उभे होते.

‘‘शर्यतीच्या आधी की नंतर?’’

‘‘आधी.’’

त्यांनी खाली बसून रिकाम्या जागेवर हात फिरवला. ‘‘पोरी, तू आत गेली नाहीस, मी पाहिलंय,’’ ते धापा टाकत आलेल्या ताईला म्हणाले. ‘‘आणि प्रत्येक फेरीत गेली असतीस, तरी सगळं मिळून दीड फूट. पण ‘कड किंवा शंकू पूर्ण होते का?’ याला कागदावर दोनच चौकटी आहेत, हो आणि नाही. नंबर राहील तुझा. वेळ धरता येणार नाही.’’

साहेबांच्या खोलीत त्याच तक्त्याखाली चौकशी झाली.

‘‘चूक कोणत्या विभागाची?’’

‘‘मागितल्या आम्ही,’’ आतेभाऊ छताकडे पाहत म्हणाला, ‘‘पण दिल्या देखभालीने.’’

सगळ्यांच्या नजरा तक्त्याच्या तळाशी गेल्या. ती करडी अक्षरे त्या दिवशी पहिल्यांदाच कोणी वाचली असतील.

घरी आई म्हणाली, ‘‘आपलेच दात नि आपलेच ओठ. कोणाला बोलायचं?’’ आणि ती भांडी घासत बसली, घासलेलीच पुन्हा.

ताई बुटांच्या नाड्या सोडवत होती.

‘‘बार उडायच्या आधी तुला दिसलं होतं?’’

‘‘हो.’’

‘‘मग हात?’’

तिने नाड्या ओढून काढल्या, गुंडाळल्या आणि मला दिल्या. ‘‘घे. कशाला तरी बांधायला होतील.’’ आवाजात राग असता तर मी तो सोसला असता.

महिन्याने साहेबांनी तिला फिटनेस विभागात घेतले. ‘‘नावाजलेली खेळाडू आहे, लोकांना आवडेल,’’ म्हणाले. हिरव्या वर्तुळात तिचा फोटो चिकटवला आहे. गवतावर हसतानाचा, त्याच दिवशीचा. काचेच्या भिंतीमागे ती लोकांना धावत्या पट्ट्यांवर चालायला शिकवते. तिथे कडा लागत नाहीत, कोणी कुठे जातच नाही.

आता भालाफेक झाली की मी कडच बसवतो, अर्धा तास लागला तरी. साहेब ओरडतात. गेल्या आठवड्यात शेवटचा स्क्रू आवळून वर पाहिले, तर ताई काचेशी उभी होती, नजर वळणाकडे. मी हात वर केला. पूर्ण, खांद्याच्या वर, सगळ्यांना दिसेल असा.

तिने तो पाहिला. मग मागच्या कोणाच्या तरी हाकेला वळून ती पट्ट्याचा वेग कमी करायला गेली.