थोरल्या दिरांचं नाव

लिंबाएवढा एक गोळा वरून घरंगळत आला, बर्फ गुंडाळत गुंडाळत बुरुलायच्या स्कीपाशी येईतो चाकाएवढा झाला आणि थांबला. तिने हातातली काठी शेजारी टोचली. सकाळी हीच काठी कडक बर्फावर अडायला हवी होती... आता मुठीपर्यंत आत गेली, लापशीत जावी तशी. रात्रभर ढग होते, बर्फ गोठलाच नाही, हे तिला पहाटेच कळलं होतं. कळून उपयोग काय?

अकरा वाजले होते. एप्रिलमध्ये हा उतार नऊच्या आत, उन्हाने बर्फ सुटण्याआधी, पार करायचा असतो — पण मेंढपाळाच्या घरी चहा झाला, मग दुसरा, आणि पाव न तोडता उठायचं नाही म्हणून तिसरा. चहा ओतायचं काम सुनेचं, म्हणजे तिचंच. ओतता ओतता तिने एवढंच म्हटलं, "ऊन चढतंय, बायके."

वडीलधाऱ्या पुरुषाला इथे आदराने 'बायके' म्हणतात; तिचे बायके म्हणजे थोरले दीर तेमिरकुल, वीस वर्षं या डोंगरात लोकांना वाट दाखवणारे. ते अल्माटीहून आलेल्या पाहुण्या जोडप्याकडे वळून म्हणाले, "ऐकलंत? आमची सून आता सूर्यालाही शिकवणार." सगळे हसले. तीही हसली — का हसले मी? वाटाड्याचा परवाना माझ्याकडेही आहे, या दोघांचे जीव माझ्याही गळ्यात आहेत, मग मान खाली घालून वाट्या कसल्या विसळत बसले?

आता ते एकटेच उतारावर निघाले होते. एकाने जायचं, बाकीच्यांनी डोळा ठेवायचा आणि वर काही हललं तर नाव घेऊन ओरडायचं, हा नियम त्यांनीच तिला शिकवला होता. नाव घेऊन... शिकवताना त्यांच्या ध्यानात आलं नाही, तिच्याही नाही, की सुनेने थोरल्या दिरांचं नाव घ्यायचं नसतं, म्हणून लग्नाच्या बारा वर्षांत तिने ते एकदाही उच्चारलेलं नाही. तेमिर म्हणजे लोखंड, म्हणून घरात ती लोखंडालासुद्धा 'ते कठीण' म्हणते, आणि सासूबाई शेजारणींना ते कौतुकाने सांगतात.

मधोमध पोचून त्यांनी हात हलवला. पाहुणा येरसाइन पुढे सरकला.

"थांबा," ती म्हणाली. "ते पलीकडे पोचेपर्यंत कुणी हलायचं नाही."

"पण तेच बोलावतायत ना?"

"बोलावू देत."

स्वतःचाच आवाज तिला परका वाटला. तेवढ्यात पायांखालचा बर्फ धप्पकन खचला, आणि वर, कातळाच्या खाली, बर्फात तड्याची एक रेघ उमटली. दोऱ्याएवढी. ते पाठमोरे, वाकून बुटाचा पट्टा आवळत होते.

"बायके, पळा!" पण या खोऱ्यात निम्मे पुरुष कुणाचे ना कुणाचे बायके. त्यांनी मानही वर केली नाही.

"तेमिरकुल!"

ते वळले. वर नाही पाहिलं, तिच्याकडे पाहिलं — भर उतारावर, हात जिथल्या तिथे ठेवून, सुनेच्या तोंडून आपलं नाव ऐकलं म्हणून नुसते पाहत राहिले. रेघ रुंदावत होती. ती पुन्हा ओरडली, पुन्हा, खडकांकडे हात दाखवत, आणि घसा फाटत असतानाच तिला कळून चुकलं, की हे किती सोपं होतं... जिभेला काहीसुद्धा झालं नव्हतं. सकाळी, भरल्या घरात, सगळ्यांसमोर हेच नाव घेऊन 'आता निघा' म्हटलं असतं तरी ते असेच थिजले असते, मग संतापले असते, महिनाभर बोलले नसते. नसते बोलले तर नसते. आयुष्यभर नसते बोलले तरी चाललं असतं.