रोज चालवायची काँटेसा

शिर्डीत आप्पासाहेबांच्या हॉटेलमागं एक जुनी काँटेसा मोटार कित्येक वर्षं उभी होती. टायर बसलेले, काचेवर पाखरांची घाण, मागच्या सीटवर हारांच्या रिकाम्या टोपल्या. अमृत औटी मित्राच्या लग्नाला तिथं गेला आणि जेवण सोडून गाडीभोवतीच फिरत राहिला. तो सुप्याच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला फिटर होता. लांबलचक बोनेट, रुंद छाती. असली दणकट गाडी आपल्याकडं परत झालीच न्हाई, असं तो येता-जाता सांगायचा. आप्पासाहेबांना ती जागा मोकळी करायचीच होती. महिन्याभरात काँटेसा क्रेनला लटकत नगरजवळ भिंगारला आली, फक्रुद्दीनचाचांच्या गॅरेजात.

चाचांनी दाराखालचा पत्रा अंगठ्यानं दाबला. अंगठा आत गेला.

"काय करायचं हिचं?" त्यांनी विचारलं. "लग्नाला भाड्यानं द्यायची?"

"न्हाई चाचा. रोज ड्युटीला न्यायची. मी आन् रेश्मा."

"रोज?" चाचा स्टुलावर बसले. "मग काम लांबलं बघ. नुसती दाखवायची असती तर रंग मारून दिली असती."

रेश्मा त्याची बायको. सुप्यातल्याच एका दवाखान्यात नर्स होती आणि लग्नाआधीपासून एसटीत उभी राहून जात होती. अमृत मोटरसायकलवर जायचा, पण त्या रस्त्यावर कंटेनरच्या रांगेतनं तिला मागं बसवून न्यायला त्याचं मन धजत नसे. गाडीमागं त्याचा एवढाच विचार होता. तिला मात्र तो नवऱ्याचा हट्ट वाटे.

काम दीड वर्ष चाललं. खालचा सगळा पत्रा कापून नवा जोडला. उन्हाळ्यात गाडी तापू नये म्हणून मोठा रेडिएटर बसवला, पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक लावले, वायरिंग नव्यानं ओढलं. अमृत शिफ्ट सुटली की थेट गॅरेजात जायचा आणि गंज खरवडत बसायचा. घरी आल्यावर ताटावरच डुलक्या घ्यायचा.

"बाथरूमचा नळ गळतोय, दिवाळीपासनं सांगतीय," रेश्मा म्हणायची.

"करतो रविवारी."

रविवारी तो पुन्हा गॅरेजात असायचा. शेवटी नळ तिनंच प्लंबर बोलावून दुरुस्त करून घेतला.

गाडी रंगाला जायच्या आदल्या दिवशी अमृत दार घासता घासता आडवा झाला. हातपाय ताठ, तोंडाला फेस. चाचांनी त्याला कुशीवर वळवलं, डोक्याखाली स्वतःची टोपी दिली आणि रिक्षातनं नगरच्या दवाखान्यात नेलं. तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि वर न बघताच सांगितलं, "वर्षभर गाडी चालवायची नाही. मोटरसायकलही नाही. या वर्षात परत फिट आली, तर वर्ष तिथून पुढं नव्यानं मोजायचं."

कंपनीनं त्याला मशीनवरनं काढून स्टोअरमध्ये बसवलं. पुढच्या आठवड्यात गाडी रंगून आली. गर्द हिरवी. चाचांनी चावी पुढं केली. अमृतनं हात खिशातनं काढलाच नाही.

"आप्पासाहेबांचा फोन आलाय," तो रेश्माला म्हणाला. "हॉटेलपुढं उभी करायला मागत्यात. देऊन टाकतो."

रेश्मा ड्युटीवरनं आली होती. पाय सुजले होते, चपलेचा पट्टा रुतला होता. उद्यापासून दोघांनाही एसटीनंच जायचं, आणि गर्दीत ह्यांना फिट आली तर काय, हा विचार ती दिवसभर करत होती.

"मी चालवते," ती म्हणाली.

लायसन तिच्याकडं होतं. काही वर्षांपूर्वी तिनं ड्रायव्हिंग स्कूलच्या छोट्या गाडीवर हात बसवला होता, त्यानंतर स्टीअरिंगला हात लागला नव्हता. काँटेसात बसल्यावर तिचा पाय क्लचला पोचेना. चाचांनी सीट काढली, खालच्या पट्ट्या पुढं घेऊन पुन्हा वेल्ड केल्या, पाठीला जाड उशी शिवून घेतली. क्लचही हलका करून दिला.

"बेटा, घाई करू नको," ते म्हणाले. "वजनदार गाडी आहे. ब्रेक आधीपासनं दाबायचा."

पहिले काही दिवस फार वाईट गेले. अमृत शेजारी बसून दाराची मूठ आवळून धरायचा. "गियर टाक... आगं तिसरा! डावीकडं घे, ट्रक हाय, दिसत न्हाई का तुला?" केडगावच्या चौकात गाडी बंद पडली आणि मागनं हॉर्न सुरू झाले, तेव्हा तो एवढ्यानं ओरडला की शेजारचा रिक्षावालाही बघायला लागला. रेश्मानं गाडी चालू केली आणि पुढं चास गावाशी रस्त्याकडेला थांबवली.

"दवाखान्यात पेशंट ओरडत्यात, नातेवाईक ओरडत्यात," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "हितं तरी तुमी गप बसा. मला तेवढंच पाहिजे."

अमृतनं दाराची मूठ सोडली. "मला चालवायची हुती गं," तो म्हणाला.

"म्हाईत हाय मला."

ती पुन्हा निघाली. त्या दिवसापासून तो बोलायचा थांबला. गोळ्यांनी त्याला गुंगी असायची, तो खिडकीला डोकं टेकून झोपायचा. परतीला पेट्रोल पंपावर पोरं मोबाईल काढून गाडीभोवती जमत. "मॅडम, मसल कार का?" ती हो म्हणून मोकळी व्हायची. तिला घरी जाऊन भाकरी टाकायच्या असत.

असे सात-आठ महिने गेले. पोळ्याच्या आसपास परतताना कामरगावजवळ तिला शेजारनं घशातला आवाज ऐकू आला. अमृतची मान मागं गेली होती, हात वाकडे झाले होते. मागं कंटेनर होता. तिनं घाईनं ब्रेक मारला नाही. इंडिकेटर देत गाडी हळूहळू कडेला घेतली. त्याची सीट मागं पाडली, पट्टा सोडला, त्याला कुशीवर धरलं. फिट ओसरली तेव्हा त्याची विजार ओली झाली होती. तिनं ओढणी त्याच्यावर टाकली, पुन्हा स्टीअरिंगवर बसली आणि नगर गाठलं. दवाखान्याच्या दारात गाडी लावून तिनं हॉर्न दाबला. वॉर्डबॉय स्ट्रेचर घेऊन येईपर्यंत ती तशीच बसून राहिली.

डॉक्टरांनी गोळी वाढवली आणि वर्ष नव्यानं सुरू झालं.

घरी आल्यावर अमृत दोन दिवस भिंतीकडं तोंड करून पडला होता. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "विकून टाकू गाडी. मला काय आता ती चालवाया मिळत न्हाई."

रेश्मा डबा भरत होती. "मग मी ड्युटीला कशी जाऊ?"

त्यानं वळून तिच्याकडं बघितलं.

"एसटीत परत उभी राहू का?" ती म्हणाली. "मला न्हाई जमायचं आता. सवय गेली."

सोमवारी ती एकटीच निघाली. त्याची रजा होती. तिनं चावी फिरवली, गाडी नुसती कुरकुरली. दुसऱ्यांदा तेवढंही नाही. तिनं कपाळ स्टीअरिंगला टेकवलं. आधीच उशीर झाला होता.

अमृत बनियनवरच बाहेर आला. गोळीमुळं पावलं नीट पडत नव्हती. त्यानं बोनेट उघडलं, बॅटरीचं ढिलं झालेलं टर्मिनल पान्यानं घट्ट केलं, मग बोनेटला धरून थोडा वेळ उभा राहिला.

"मार आता."

इंजिन लागलं. रेश्मानं काच खाली केली. "गोळी दुधाबरोबर घ्या. आन् दाराला आतनं कडी लावू नका, चाचा येऊन जातील दुपारी."

"व्हय," तो म्हणाला. "रेडिएटरचं पानी बघितलंय मी. जा तू."

गाडी गल्लीतनं बाहेर पडली. वळणावर तिनं गियर बदलल्याचं त्याला ऐकू आलं. तो आत गेला, हात धुतले, गोळी घेतली आणि झोपला.