भुऱ्यासाठी आलेलं दुपटं

आमच्या सुनेनं, शीतलनं, भोकरदनला माहेरी बाळंत झाल्यावर बाळाचं वापरलेलं दुपटं पाठवलं. फोनवर बजावलं, "मामा, कुत्र्याला रोज हुंगू द्या. मंग आम्ही आल्यावर भुऱ्या बुजायचा न्हाई."

मी शेतातून आलो तर दुपटं दोरीवर! बायकोनं, उषानं, साबण लावून दोनदा धुतलेलं.

"अगं, वासासाठीच आल्तं ना ते!"

"बाळंतिणीच्या खोलीतलं कापड. तसंच घरात घेऊ का?"

भुऱ्यानं दुपटं हुंगलं, साबणानं शिंकला आन् निघून गेला. मी उषाला लई बोललो.

बारशाला ती एकटीच भोकरदनला गेली, दुसऱ्या दिवशी परतली. बाळंतिणीकडून आलं की आधी अंघोळ, मंग घर, हा तिचाच नेम. म्हणून मी न्हाणीत पाणी ठेवलं. पण ती ओसरीवरच टेकली. नऊ वर्षांत तिनं भुऱ्याला कधी लुगड्याला शिवू दिलं न्हाई. आज आपला पदर तिनं त्याच्यापुढं पसरला.

"पाणी राहू द्या. नात मुतलीय ह्याच्यावर," ती मला म्हणाली. मंग भुऱ्याकडं वळली. "घे, नीट हुंग. तुझी मालकीण हाय."