केरबाचा राहिलेला पुकारा

मी कुरवंड्याचा भोंगा बोलतोय. माझा आवाज पार नागफणीच्या कड्यापर्यंत जातो, असं मी आल्यागेल्याला सांगतो. आता तुमच्याशी खोटं कशाला बोलू? वारा उलटा असला की देवळामागच्या गोठ्यातली म्हैससुद्धा कान हलवत नाही.

शिक्षण म्हणाल, तर पंधरा ऑगस्ट आणि सव्वीस जानेवारी असे वर्षाचे दोन दिवस मी शाळेच्या छपरावर असायचो. चाळीस वर्षांत ऐंशी दिवस हजेरी. पण दर वेळी भाषण तेच, त्यामुळे पुढच्या वर्गात काही गेलो नाही.

पुण्याच्या एका कारखान्यात पत्रा वाकवून मला घडवलं. केरबानं मला एसटीत मांडीवर बसवून गावी आणलं. कंडक्टर म्हणाला, "याचं अर्धं तिकीट काढा." केरबा म्हणाला, "तोंडावर जाऊ नगा, वय लहान हाय त्याचं." तेव्हाच मी ओळखलं, या माणसाशी आपलं जमणार.

देवळापुढच्या खांबावर माझा मुक्काम. लग्न, जत्रा, हरवलेली शेळी, गावात कुणी गेलं तर तेही, सगळं केरबानं माइकवर सांगायचं आणि माझ्या तोंडातून निघायचं. आणि मधेमधे आमच्या खोड्या. मांडवात पाव्हणे गप्पा हाणत बसले की पुकारा, "जिलेबी संपत आली, उरलेल्यांनी घाई करावी!" एकदा तर "हनुमंताची म्हैस पर्यटकांबरोबर फोटो काढायला कड्यावर गेली आहे" असं सांगितलं. हनुमंत चपला टाकून धावत सुटला. म्हैस गोठ्यात रवंथ करत होती. तो आठवडाभर आमच्याशी बोलला नाही, आठव्या दिवशी तंबाखू मागायला आला.

मात्र एका गोष्टीनं आम्ही दोघंही गांजायचो. दहाव्याची भाषणं! आमच्या मावळात माणूस गेला की दहाव्याला पुढारी येतात. पिंडाला कावळा शिवतो, तरी यांचं मन भरत नाही. एकेका सकाळी तीन-तीन गावं उरकतात. सगळीकडे गेलेला माणूस मितभाषी, मनमिळाऊ आणि समाजाची न भरून येणारी हानी. घरची बाई पदराआड रडत बसते, आणि हे आपले बोलतायत. ते सगळं माझ्याच तोंडातून बाहेर पडायचं. जीभ असती तर चावली असती.

मागच्या उन्हाळ्यात केरबाच्या घशात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन केलं तर जीव वाचेल, आवाज जाईल. केरबानं मला खांबावरून उतरवून घरी आणलं, मांडीवर घेतलं आणि बायकोला, धोंडाबाईला, हाक मारली.

"धोंडे, माज्या दहाव्याचा बेत ऐक."

"अवो, दवाखान्यात जायच्या वक्ताला असलं वंगाळ बोलत्यात व्हय?"

"ऐक तर. येक बी भाषण नगं. आलेल्या परत्येकाला चिक्की द्यायची. गुळाची, टणक. दातात बसली की बोलणार कोण? मग ज्याची मी खोडी काढली, त्यानं ती सांगायची. रडणाऱ्याला हसू आलं पायजे. आन् समद्यात शेवटी माजा पुकारा, या भोंग्यातनं."

"तवा तुमी कुटं असनार?"

"म्हून तर आत्ता भरून ठिवतो. आन तुजा फोन."

तिनं फोन समोर धरला आणि केरबा बोलत गेला. एकेकाचं नाव घेऊन चिमटे काढले. हनुमंताला सांगितलं, "वर म्हशीची चौकशी करून ठिवतो." शेवटी म्हणाला, "धोंडे, रडत बसू नगंस. तुज्या हातचा च्या गोड व्हता, कधी बोललो न्हाई." मग माझ्या पत्र्यावर थाप मारली. "गड्या, शेवटचा पुकारा तुज्याच तोंडातनं!"

ऑपरेशन झालं. त्यानंतर नऊ महिने केरबा जगला, मुका. आणि फाल्गुनात गेला.

दहाव्याला इंद्रायणीकाठी मला आंब्याला बांधलं. इथं इंद्रायणी ओढ्याएवढीच आहे, तीसुद्धा त्या दिवशी मला गंगा वाटली. कावळा पहिल्या झटक्यात शिवला. लोक म्हणाले, केरबाची काही इच्छा राहिली नाही. मी मनात म्हटलं, थांबा, खरी गंमत पुढंच आहे.

चिक्की वाटली. हनुमंतानं म्हशीची गोष्ट सांगितली आणि रडता रडता पोट धरून हसला. मग दोघीतिघी बोलल्या. बेत अगदी केरबानं सांगितला तसाच रंगला होता. केरबाचा मुलगा प्रदीप उठून आईजवळ गेला.

"आये, फोन दे. आबांचा पुकारा लावू."

धोंडाबाईनं पदर घट्ट ओढला. "बंद पडलाय. चार्जिंग न्हाई."

आणि मी वरून बघत होतो! पाच मिनिटांपूर्वी तोच फोन तिच्या पिशवीत वाजला होता, तिनं तो हातानं दाबला होता. खोटं! केरबाच्या दहाव्याला, केरबाच्याच बायकोनं!

प्रदीप माइक धरून गांगरला. तेवढ्यात एक पुढारी गाडीतून उतरले. चिक्की पुढं केली तर म्हणाले, "मला शुगर आहे," आणि माइक घेतला. सकाळीच सोमाटण्याचा एक दहावा उरकून आले होते. माझ्या तोंडून गरजले, "कैलासवासी दत्तोबा हे मितभाषी होते..."

"साहेब, केरबा! केरबा!" हनुमंत खालून ओरडला.

"हो, केरबासुद्धा," साहेब म्हणाले आणि पंचवीस मिनिटं बोलले.

मी काय करणार? एकदा कुईऽऽ करून शिट्टी मारली. प्रदीपनं बटण फिरवून माझी शिट्टी बंद केली. ज्याच्यासाठी चाळीस वर्षं ऊन-पाऊस खाल्ला, त्याच्या दहाव्याला माझ्या तोंडात दत्तोबा! तो कावळासुद्धा फितूर. इच्छा उरलेली असताना शिवला कसा मेला?

आता मी पडवीत खुंटीला असतो. गावानं स्पीकरचे नवे खोके घेतलेत. माझी तक्रार त्याबद्दल नाही. वाचकहो, जाणाऱ्यानं आपला निरोप स्वतः बांधून ठेवला असेल तर तो मोडू नका, एवढंच मागणं.

काल धोंडाबाई मला पुसायला आली. वारा माझ्यात शिरला आणि घुंऽऽ असा आवाज निघाला. मी त्यातच विचारलं, का गं असा दगा दिलास? तिला कळलं. फडकं थांबलं.

"माज्यावर कशाला घुमतोस रं? जलमभर त्यानं गावाला हाका मारल्या. घरी यायचा तवा घसा बसलेला असायचा, पानी बी खुणेनं मागायचा. माज्याशी येवढं बोलला त्यो त्या फोनात, पयल्यांदा. त्ये बी तुज्या तोंडातनं गावाला वाटू व्हय?"